भाच्याचं लग्न मी लावू का?

वाचकाचं पत्र, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून, थोडक्यात:

मी पुण्यात पौरोहित्य करते. सत्यनारायणापासून श्राद्धापर्यंत सगळं सांगते, लग्नंही लावते. माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा तेहतीस वर्षांचा आहे. त्याचा जोडीदार मुलगा आहे, गोव्याचा, कॅथलिक घरातला, स्वभावाने फार गोड. दोघं पाच वर्षं एकत्र राहतात. आता त्यांना लग्न करायचंय आणि भाच्याचा हट्ट आहे की ते मावशीनेच लावावं. बहीण म्हणते, ‘तू उभी राहिलीस की नातेवाइकांची तोंडं बंद होतील.’ मेहुणे काहीच बोलत नाहीत. माझे मिस्टर म्हणतात, सुप्रीम कोर्टानेच नाही म्हटलंय, तर तू कोण हो म्हणणारी? ज्यांच्याकडे मी शिकले त्या बाई म्हणाल्या, शास्त्रात याला आधार नाही. भाच्याला नाही म्हणायला जीभ रेटत नाही आणि हो म्हणायला मन धजत नाही. मी काही गुन्हा तर करणार नाही ना? आणि जे लग्न कायद्याला मान्य नाही, शास्त्रालाही नाही, ते लावून मी त्या मुलांची फसवणूक तर करणार नाही ना?

ताई,

आधी भीतीचं पाहू. तुम्ही गुन्हा करणार नाही. दोन सज्ञान पुरुषांच्या राजीखुशीच्या संबंधांना गुन्हा ठरवणारा कलम ३७७ चा भाग सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते कलमच नाही. अशा दोघांसाठी मंत्र म्हणणाऱ्या पुरोहिताला शिक्षा सांगणारा कायदा आपल्याकडे नाही. पुरोहित अडकतो तो बालविवाह लावला तर. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात लग्न लावणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. इथे दोघंही तिशीतले, कमावते, स्वतःच्या मर्जीने उभे आहेत.

एक पथ्य मात्र पाळा. विवाह नोंदणीच्या अर्जावर पुरोहिताची सही लागते, हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. या प्रसंगी तसा कुठलाही सरकारी कागद किंवा ‘विवाह माझ्या हस्ते झाला’ असा दाखला देऊ नका. त्या कागदाने मुलांना काही मिळणार नाही आणि तुमच्यामागे खुलासे लागतील.

आता तुमच्या मिस्टरांचं म्हणणं. कोर्टाने नाही म्हटलं हे खरं आहे, पण कशाला नाही म्हटलं ते नीट पाहायला हवं. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात पाचही न्यायाधीशांचं एकमत होतं की लग्न करणं हा मूलभूत हक्क नाही, आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात नवे शब्द घालून समलिंगी जोडप्यांना त्यात सामावणं हे न्यायालयाच्या हातात नाही. ते काम संसदेचं. लग्नाखेरीज दुसरा काही कायदेशीर दर्जा अशा नात्याला द्यावा का, दोघांना मिळून मूल दत्तक घेता यावं का, यावर मात्र पाचांत फूट पडली आणि तीन विरुद्ध दोन मतांनी तेही नाकारलं गेलं. फेरविचाराच्या याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. चित्र एवढं स्पष्ट आहे. आज तुमच्या भाच्याची विवाहनोंदणी भारतात होऊ शकत नाही.

पण याच खटल्याच्या सुनावणीत, अगदी आरंभीच, न्यायालयाने सांगितलं होतं की हिंदू विवाह कायदा किंवा अन्य धर्मांच्या व्यक्तिगत कायद्यांत आम्ही शिरणार नाही. घरात होम पेटवावा का, दोघांनी सप्तपदी चालावी का, हा प्रश्न त्या पाच जणांपुढे आलाच नाही. ज्या जोडप्याच्या नावाने हा खटला ओळखला जातो, त्यांनी डिसेंबर २०२१ मध्ये हैदराबादेत आप्तेष्टांसमोर समारंभ केला होता. कोर्टाची पायरी ते नंतर चढले. आणि जोडीदार निवडून त्याच्यासोबत राहण्याचा हक्क तर त्या निकालातही मान्य झाला आहे. तेव्हा मिस्टरांना सांगा, तुम्ही कोर्टाच्या विरुद्ध जाण्याचा प्रश्नच येत नाही. तुमच्याकडे जे मागितलं जातंय, त्यावर कोर्ट बोललेलंच नाही.

तुमच्या पत्रात एक गृहीत धरलेली गोष्ट मला सतत जाणवली. विधी आणि कायदेशीर लग्न ही जणू एकच वस्तू आहे, आणि एक नसेल तर दुसरी खोटी, असं तुम्ही धरून चालला आहात. तुमच्याच कामात हे तसं नाही. भाच्याने गोव्यातली कॅथलिक मुलगी आणली असती तर? माझा अंदाज आहे, तुम्ही लग्न लावलं असतं. पुण्यात अशी लग्नं आता नवलाची राहिलेली नाहीत. पण त्याही वेळी तुमच्या सप्तपदीने ते लग्न कायदेशीर झालं नसतं. १९५५ चा हिंदू विवाह कायदा दोन्ही पक्ष हिंदू असतील तेव्हाच लागू होतो (त्यात बौद्ध, जैन आणि शीखही धरले जातात). त्या दोघांना वेगळी नोंदणी करावी लागली असती, बहुधा विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस लावून. अमेरिकेत रजिस्टर लग्न करून आलेली मुलं इथे मांडव घालतात, तेव्हाही कायद्याच्या हिशेबी त्यांचं लग्न आधीच झालेलं असतं. तुम्ही लावता तो संस्कार. तो कमी मोलाचा आहे असं तुम्हाला कधी वाटलं नसणार.

भाच्याच्या जोडीदाराच्या घरी हा भेद समजावावाच लागणार नाही. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्यामुळे हिंदूंनाही सिव्हिल रजिस्ट्रारपुढे जाऊन सह्या कराव्या लागतात. भटजींनी कितीही शास्त्रोक्त लग्न लावलं तरी त्या सह्यांवाचून कायदा ते धरत नाही. (पोर्तुगालने २०१० साली समलिंगी विवाह कायदेशीर केला. गोव्यात मात्र जुनाच कायदा चालू आहे, तिकडचे नंतरचे बदल इकडे लागू होत नाहीत. त्या मुलाला याची खंत वाटत असेल तर ती समजून घ्या.)

फरक एकच आहे आणि तो मोठा आहे. आंतरधर्मीय जोडप्याला विधीनंतर जाण्यासाठी नोंदणीचं दार उघडं असतं. या दोघांना ते बंद आहे. फसवणुकीचा तुमचा प्रश्न इथून सुरू होतो आणि त्याकडे मी सविस्तर येणार आहे. आधी शास्त्राचं बोलू, कारण तुमच्या मनात खरी रुतलेली गोष्ट ती आहे.

तुमच्या गुरूबाई चुकीचं सांगत नाहीत. गृह्यसूत्रांतला विवाह हा वर आणि वधूचा आहे. हे झाकण्यासाठी हल्ली पुराणांतल्या कथा आणि मंदिरांवरची शिल्पं पुढे केली जातात. मी तुम्हाला तो मार्ग सुचवणार नाही. कथेतून विधी निघत नाही, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता, आणि ओढूनताणून आणलेल्या आधारावर उभं राहून तुम्हाला मनापासून मंत्र म्हणता येणार नाहीत.

पण आधार नाही आणि निषेध आहे यांत अंतर असतं. शिवाय आधार नाही हे वाक्य स्त्री पुरोहितांनी काय कमी ऐकलं असेल? बाईला वेदाधिकार नाही, बाईने मंत्र म्हणू नयेत, मासिक धर्माचं काय करणार. पुण्यात स्त्रिया पौरोहित्य शिकू लागल्या तेव्हा हे सगळं बोललं गेलं. साकोरीला उपासनी महाराजांच्या आश्रमात कन्यांनी यज्ञ चालवले, ज्ञान प्रबोधिनीने जात आणि लिंग न पाहता पुरोहित घडवले, आणि आज तुम्ही वास्तुशांत सांगता तेव्हा घरातली आजी पुढे होऊन तुमच्या पाया पडते. ही मान्यता कुठल्या जुन्या पोथीतून सापडलेली नाही. कुणीतरी पहिल्यांदा सोवळं नेसून पाटावर बसलं आणि कुणीतरी पहिल्यांदा तिला दक्षिणा दिली, म्हणून ती आली.

विधीत अडणाऱ्या जागा कोणत्या ते तुम्ही आधीच मनात मोजून ठेवलं असेल. कन्यादान तर इथे संभवतच नाही, आणि तसंही अनेक घरं ते आता गाळतातच. लाजाहोम, पाणिग्रहण यांतले वधूवरवाचक शब्द आहेत. सगळ्यात अवघड पाचवं पाऊल, ‘प्रजाभ्यः’. इथे तुमचं मन अडखळणार. पण साठी उलटलेल्या विधुराचं आणि विधवेचं लग्न लावताना पुरोहित तेच पाऊल टाकायला लावतात, तेव्हा त्या दोघांना आता मूल होणार नाही हे मांडवातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. कुणी त्या लग्नाला खोटं म्हणत नाही. सातवं पाऊल सख्याचं आहे, आणि पाच वर्षं एकमेकांची आजारपणं काढलेल्या या दोघांनी ते आधीच चाललेलं आहे, असं मला वाटतं.

माझं मत सरळ सांगायचं तर मी तुमच्या जागी असते तर लग्न लावलं असतं. पण मी तुमच्या जागी नाही. अग्नीसमोर बसून ज्यावर आपला विश्वास नाही तो संकल्प सोडणं हे तुमच्यासारख्या बाईला जमणार नाही, आणि जमू नये.

म्हणून दुसरीही बाजू तेवढ्याच स्पष्टपणे मांडते. नाही म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. समलिंगी विवाहाच्या वादात आपल्याकडे एक भीती फार बोलली जाते की उद्या कायदा झाला तर देवळांवर, पुरोहितांवर सक्ती येईल. जिथे कायदे झाले तिथला अनुभव पाहा. इंग्लंडने २०१३ साली कायदा केला, त्यात कुठल्याही धर्मगुरूवर असं लग्न लावण्याची सक्ती करता येणार नाही असं लिहून ठेवलं, आणि चर्च ऑफ इंग्लंडला तर बाहेरच ठेवलं. डेन्मार्कमध्ये २०१२ पासून अशी लग्नं चर्चमध्ये लागतात, पण एखाद्या पाद्र्याचं मन घेत नसेल तर तो नकार देऊ शकतो, मग दुसरा पाद्री येतो. नोंदणीचा हक्क नागरिकाचा आणि विधीचा निर्णय धर्माचा, असे दोन हिशेब वेगळे ठेवता येतात. याचा अर्थ असाही की तुम्ही भाच्याला ‘होम मी करू शकत नाही’ म्हणालात, तरी ‘तुमच्या लग्नाची नोंदणी सरकारने करायलाच हवी’ असं त्याच तोंडाने म्हणू शकता. मेहुण्यांनाही हे सांगा. ज्यांना धर्माच्या बाजूने हे पटत नाही त्यांनी कायद्याच्या बाजूनेही विरोधच केला पाहिजे, असं काही नाही.

पण नकार द्याल तर तो तुमचा म्हणून द्या. ‘मला नाही जमणार’ हे वाक्य भाचा पचवेल. ‘कायदा नाही म्हणतो’ हे सांगाल तर ते खरं नसेल, आणि ते त्याच्या लक्षात येईल.

महाराष्ट्राला हा धर्म आणि कायद्याचा झगडा नवा नाही. विधवाविवाहाचा कायदा १८५६ मध्ये झाला. पण १८७० मध्ये पुण्यात शंकराचार्यांच्या अध्यक्षतेखाली वाद झाला, तेव्हा निर्णय सुधारकांच्या विरुद्ध गेला आणि अशा लग्नाला हजर राहिलेल्यांवर बहिष्कार पडला. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं, कायदा होऊन छत्तीस-सदतीस वर्षं झाली होती, तरी त्यांच्या मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकलंच. तेव्हा कायदा पुढे होता आणि धर्म मागे. तुमच्या भाच्याच्या बाबतीत उलटं घडू पाहतंय, घर आणि पुरोहित पुढे, कायदा मागे.

असंही याआधी घडलेलं आहे. तमिळनाडूत पेरियार यांच्या स्वाभिमान चळवळीतली जोडपी १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून भटजीविना, मंत्राविना, एकमेकांना हार घालून लग्न करत होती. आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या डिसेंबरात सत्यशोधक पद्धतीचं पहिलं लग्न लावलं, त्याच वाटेवरचं हे पाऊल. १९५३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिकडची तशी लग्नं अवैध ठरवली. तरी ती थांबली नाहीत. १९६७ मध्ये अण्णादुराईंच्या सरकारने हिंदू विवाह कायद्यात कलम घालून ती वैध केली, आधी झालेलीसुद्धा. नेपाळातल्या ज्या जोडप्याचं लग्न २९ नोव्हेंबर २०२३ रोजी लमजुंग जिल्ह्यात नोंदलं गेलं, आणि जे तिथलं पहिलं समलिंगी विवाह म्हणून गणलं जातं, त्यांनी देवळात विधी केला होता २०१७ साली. सहा वर्षं ते केवळ विधीच्या बळावर एकमेकांचे होते.

हे सांगताना एक धोकाही सांगायलाच हवा. तमिळनाडूतल्या त्या मधल्या काळात नवरा वारला की बायकोचा वारसाहक्क अधांतरी असायचा. विधी मनाला आधार देतो, पण घर, पैसा, हॉस्पिटलचा दरवाजा यांतलं काहीही देत नाही. तुमच्या भाच्याला काही झालं आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे सगळं त्याच्या आईला जाईल, जोडीदाराला एक रुपयाही मिळणार नाही. बहिणीचं मन आज मोठं आहे. ती नसेल तेव्हा मेहुण्यांचे भाऊ तसेच वागतील याची खात्री कोण देणार?

फसवणुकीचं माझं उत्तर म्हणून हे आहे. तुम्ही विधी लावलात आणि मुलं आता आपलं सगळं झालं अशा समजुतीत घरी गेली, तर ती फसवणूक होईल. ‘हा संस्कार आहे, यातून कायद्याने काही मिळणार नाही, म्हणून कागद आधी करा’ असं सांगून लावलात तर होणार नाही. मी तर म्हणेन, हो म्हणताना हीच अट घाला. अक्षता पडण्याआधी मृत्युपत्रांवर सह्या झालेल्या असाव्यात. पुरोहित मावशीने ही अट घातली तर मुलं ती ऐकतील, वकिलाने सांगितलेलं ती पुढे ढकलतील.

कागद कोणते ते लिहिते. तुमच्या भाच्यासारख्या इतरांनाही उपयोग होईल. मृत्युपत्र साध्या कागदावरही चालतं, दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला मालमत्ता मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. नोंदणी सक्तीची नाही, पण अशा घरांत पुढे कुणीतरी हरकत घेण्याची शक्यता असते, म्हणून ती करावीच. बँकेत, सोसायटीत, शेअर्सवर नॉमिनी नेमलं की काम झालं असं समजू नका. नॉमिनी हा सहसा सांभाळणारा असतो, मालक वारसच ठरतात. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या अखेरीस हेच पुन्हा सांगितलं. दोघांचं बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला काहीही आडकाठी नाही, असं केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये लेखी कळवलं आहे. शाखेतल्या माणसाने खळखळ केली तर त्याचा हवाला द्यायचा. त्याच सुमारास शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एकाच कुटुंबातले धरावं, अशा सूचनाही राज्यांना गेल्या.

गोव्याच्या मुलाची गोष्ट वेगळी आहे आणि इथे बहुतेक लोक चुकतात. गोव्याच्या कायद्यात माणसाला आपली सगळी मालमत्ता मनाला येईल त्याला देता येत नाही. मुलं नसतील आणि आईवडील हयात असतील, तर निम्मा वाटा त्यांच्यासाठी राखीव असतो. आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवलं आहे की गोवेकराची गोव्याबाहेरची मालमत्ताही याच नियमात येते. म्हणजे पुण्यातला त्याच्या नावावरचा फ्लॅटसुद्धा. दोघांनी इंटरनेटवरून एकच मसुदा उतरवून घेतला तर भाच्याचं मृत्युपत्र टिकेल आणि जोडीदाराचं निम्मं कोसळेल. गोव्यातल्या वकिलाला भेटल्याशिवाय त्याने काही करू नये. आईवडिलांशी मोकळं बोलता येत असेल तर त्याहून चांगलं.

घर घ्यायचं असेल तर पहिल्यापासून दोघांच्या नावावर आणि दोघांच्या पैशांनी घ्यावं. नवराबायकोने एकमेकांना दिलेल्या भेटीवर आयकर नाही, पण या दोघांत वर्षाला पन्नास हजारांच्या वरची भेट घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते. या भेदाला आव्हान देणारी याचिका २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाली आहे, पण तिच्यावर विसंबून आज व्यवहार करू नये.

आणि हॉस्पिटल. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. रात्री दोन वाजता अपघात विभागात ‘तुम्ही पेशंटचे कोण?’ असं विचारलं जातं. आपण बरे होण्यापलीकडे गेलो तर उपचारांचं काय करायचं, हे सांगणारं वैद्यकीय इच्छापत्र सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलं आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी पुरतो, आणि आपल्या वतीने कुणी बोलायचं ते नाव त्यात लिहिता येतं. मानसिक आजारासाठी २०१७ चा कायदा कुठल्याही सज्ञान व्यक्तीला आपला प्रतिनिधी नेमू देतो, ती रक्ताच्या नात्यातली असण्याची गरज नाही. पण बाकीच्या नेहमीच्या आजारपणात कागदापेक्षा घरच्यांचा शब्द चालतो. बहीण आणि मेहुण्यांनी डॉक्टरांना एकदा फोनवर सांगितलं की ‘हा आमच्या घरातला आहे, तो म्हणेल ते करा’, तर कुठलाही दरवाजा उघडतो. त्यासाठी जोडीदाराच्या मोबाइलमध्ये तुमचे सगळ्यांचे नंबर हवेत, आणि तुमच्या मोबाइलमध्ये त्याचा.

आता विधीचं रूप. पूर्ण विवाहसंस्कार, की गणेशपूजन, शांतिपाठ, सप्तपदी आणि आशीर्वाद एवढाच छोटा विधी? छोटा विधी तुम्हाला सोपा वाटेल, पण मुलांना तो हातचं राखून दिलेला वाटू शकतो. ते ठरवण्याआधी दोघांना समोर बसवून विचारा की तुम्हाला नेमकं काय हवंय. भाच्याला कदाचित मंगलाष्टकं आणि अंतरपाट एवढंच लहानपणापासून डोळ्यांसमोर असेल. जोडीदाराला विचारायला विसरू नका, त्याचा अग्नी नाही, त्याचे मंत्र नाहीत. त्याच्या चर्चमध्ये हे लग्न होऊ शकत नाही. व्हॅटिकनने डिसेंबर २०२३ मध्ये अशा जोडप्यांना आशीर्वाद द्यायला परवानगी दिली, तीही लग्नाचं रूप येऊ न देता. त्यामुळे त्याच्या बाजूचं काहीतरी, आईने म्हटलेली एखादी प्रार्थना, तुमच्या विधीत मोकळ्या मनाने बसवता आली तर पाहा. संकल्पात शब्द खरे ठेवा. जे तुम्हाला म्हणवत नाही ते गाळा आणि गाळलंय हे त्यांना सांगा.

तुमच्या पूजा सांगण्याच्या कामावर परिणाम होईल का? काही घरं तुटतील, हे मी नाकारत नाही. श्राद्धपक्षाची दोन-चार आमंत्रणं कमी होतील. लपूनछपून केलंत तर जास्त तुटतील, कारण मग लोक कुजबुजतील. ज्यांच्यासोबत तुम्ही काम करता त्यांना आधी स्वतःहून सांगा, फोटो कुठे टाकायचे आणि कुठे नाहीत हे मुलांशी ठरवून घ्या. तुमचा चेहरा कुणाच्या मोबाइलवर फिरावा की नाही हा निर्णय तुमचाच राहिला पाहिजे, त्याबद्दल मुलांपुढे अपराधी वाटून घेऊ नका.

राहता राहिली बहीण. ‘तू उभी राहिलीस की तोंडं बंद होतील’ हे तिचं वाक्य प्रेमाचं आहे, पण ते ओझं तुमचं नाही. नातेवाईक मंत्रांनी गप्प होत नाहीत. आईवडील दारात उभे राहून ‘या’ म्हणतात तेव्हा ते येतात आणि मुकाट्याने जेवून जातात. मेहुणे बोलत नाहीत, त्यांच्याशी कुणी बोललंय का? सगळे तुमच्या हो-नाहीची वाट बघताहेत आणि त्या शांततेत त्या माणसाला काय वाटतंय ते कुणी विचारलेलं दिसत नाही. बहिणीला म्हणा, ‘मी लग्न लावीन की नाही ते मी भाच्याला सांगते. तू आधी भाऊजींना विचार, आमंत्रणपत्रिकेवर तुमचं नाव घालायचं का.’ त्यांनी हो म्हटलं तर लग्न तुम्ही लावा किंवा दुसऱ्या कुणी, घरचंच होईल. त्यांनी नाही म्हटलं तरी निदान ते बोललेले असतील, आणि पुढचं बोलणं तिथून सुरू करता येईल.